नदीमुखाचे पाणी एकट्या सामूवर तोलू नका

प्रति,
किनारी समुद्राच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणा, त्यांच्या तांत्रिक समित्या आणि त्यांना निधी देणारे विभाग यांस

विषय : सागरी आम्लीकरणाच्या मोजणीतून नदीमुखे वगळली जात असल्याबाबत

स.न.वि.वि.

आम्लीकरणाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मुरून समुद्राचे पाणी आम्लतेकडे झुकण्याचा, आढावा घेताना नदीमुखाजवळची स्थानके यादीतून गाळायची, लवणता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार) ३० च्या खाली गेलेल्या नमुन्यांवर ‘गोड्या पाण्याचा परिणाम’ असा शेरा मारून ते बाजूला ठेवायचे, आणि उरलेल्या ठिकाणी महिन्यातून एकदा सामू, म्हणजे पीएच (आकडा जितका खाली तितके पाणी आम्लतेकडे), मोजून अहवाल पुरा करायचा, ही पद्धत आता अंगवळणी पडली आहे. अशा यादीला ‘स्थानकांचे सुसूत्रीकरण’ म्हणतात. आमच्या मते ज्या पाण्याला सर्वांत आधी फटका बसतो, नेमके तेच पाणी यातून नकाशावरून पुसले जाते. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि उघडपणे.

आमचा संबंध सरळ आहे. आम्ही या पाण्याच्या बाटल्या भरतो, टायट्रेशन करतो (मोजून आम्ल घालत पाणी किती आम्ल पचवते ते पाहतो), आणि त्या आकड्यांवरून कालवे-शिंपल्यांची पैदास करणाऱ्यांना पाणी कधी आत घ्यावे आणि कधी झडप बंद ठेवावी हे सांगतो. आकडा चुकला तर अळ्या मरतात. शिंपल्याची अळी पहिले कवच पहिल्या एकदोन दिवसांत बांधते आणि ते अरॅगोनाइटचे असते. कॅल्शियम कार्बोनेटच्या दोन नेहमीच्या रूपांपैकी लवकर विरघळणारे ते हेच. त्या दोन दिवसांत पाण्याची रसायने कशी होती याचे उत्तर मासिक सरासरीत सापडत नाही.

आधी नदी काय आणते ते पाहू. ढोबळ हिशेबाने जगातल्या नद्या वर्षाला ०.८ ते ०.९५ अब्ज टन कार्बन समुद्राच्या हवाली करतात. साधारण निम्मा असेंद्रिय, त्यातही मुख्यतः बायकार्बोनेट. उरलेला सेंद्रिय, काही विरघळलेला तर काही गाळाच्या कणांना चिकटलेला. यांच्या वागण्यात फरक आहे. खडक झिजून आलेले बायकार्बोनेट आपली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, बरोबर घेऊन येते. नदीच्या पाण्यातला नुसता विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मात्र हात हलवत येतो. आणि सेंद्रिय कार्बन येतो तो उधारीवर: आज काहीच करत नाही, पण जिवाणूंनी खाल्ला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. कधी मुखापाशीच, कधी तळाशी, तर कधी शेकडो किलोमीटर पुढे जाऊन.

म्हणूनच ‘नदी समुद्राला आम्लधर्मी करते’ हे वाक्य जितके खरे तितकेच अर्धवट आहे. मिसिसिपी चुनखडीच्या आणि शेतीच्या प्रदेशातून वाहते. तिची अल्कलिनिटी समुद्राच्या तोडीची भरते. ॲमेझॉनची त्या मानाने फारच कमी भरते, त्यामुळे ती समुद्राला पातळ करत जाते. सुमात्रा-बोर्निओच्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) दलदलीतून निघणाऱ्या काळसर नद्यांचे मुख्य देणे सेंद्रिय कार्बन आहे, आणि पूर्व सैबेरियाच्या उथळ समुद्रात वितळत्या गोठलेल्या जमिनीतून आलेल्या कार्बनाने तळचे पाणी कवचाला प्रतिकूल करून ठेवले आहे. नदी कोणत्या जातीची हे माहीत नसताना मुखाशी मोजलेल्या सामूचा अर्थ लावणे म्हणजे रोग्याचे वय न विचारता नाडी पाहण्यासारखे आहे.

आता तक्रारी.

पहिली, आणि आमच्या लेखी सर्वांत मोठी: तुम्ही एकच आकडा मोजता. तो कसा फसवतो हे एका हिशेबातून दाखवतो. २५ अंश सेल्सिअस तापमान धरा. समुद्राचे पाणी: लवणता ३५, अल्कलिनिटी २२५०, विरघळलेला असेंद्रिय कार्बन १९५० मायक्रोमोल प्रति किलो. नदीचे पाणी: मऊ, अल्कलिनिटी ४००, असेंद्रिय कार्बन ५००, कॅल्शियम नगण्य. अशा नदीत कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेच्या सहा-सात पट असतो, आणि नद्यांच्या बाबतीत हे काही वावगे नाही. आता दोन्ही पाणी निम्मे-निम्मे मिसळा. मिश्रणाची लवणता १७.५, अल्कलिनिटी १३२५, असेंद्रिय कार्बन १२२५. सामू काढला तर समुद्राचा ८.०५ आणि मिश्रणाचा ८ च्या आसपास. फरक जेमतेम ०.०६. कार्बन डायऑक्साइडचा दाब तर मिश्रणात हवेपेक्षाही कमी भरतो! अहवालात हे स्थानक ‘समाधानकारक’ ठरेल.

पण कवच सामूने बनत नाही. ते कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्या गुणाकारावर बनते, आणि या मिश्रणात कॅल्शियम निम्मे झाले आहे तर कार्बोनेट २१० वरून ७५ मायक्रोमोलच्या खाली आले आहे. अरॅगोनाइटची संपृक्तता, जिला आम्ही ओमेगा म्हणतो, ३.३ वरून १.३ च्या आसपास उतरते. १ च्या खाली अरॅगोनाइट विरघळू लागते, आणि अळ्यांची ओढाताण त्याच्या बरीच वर असतानाच सुरू होते. सामूने यातले काहीही सांगितले नाही.

पुढची पायरी अधिक गंभीर आहे. याच दोन पाण्यांत सेंद्रिय पदार्थ कुजून प्रत्येक किलोमागे १०० मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड सुटला असे धरा. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ०.२ ने उतरतो, ओमेगा २.४ च्या जवळ टिकतो. मिश्रणाचा सामू मात्र ०.५ ने कोसळून ७.५ च्या खाली जातो आणि ओमेगा ०.५ च्याही खाली. सुटलेला कार्बन तेवढाच, पण धक्का अडीच पट, कारण पचवण्याची ताकद नदीने आधीच पातळ केली होती. एवढा कार्बन कुजायला प्रत्येक किलोमागे साधारण १३० मायक्रोमोल ऑक्सिजन लागतो, म्हणजे या मिश्रणात लिटरला तीन मिलिग्रॅम ऑक्सिजन अजून शिल्लक असतो. तुमची धोक्याची घंटा दोन मिलिग्रॅमला वाजते. कवच विरघळण्याची वेळ येते, तेव्हा ती मुकीच असते.

दुसरी तक्रार मोजण्याच्या पद्धतीची. काचेचा इलेक्ट्रोड ४, ७ आणि १० च्या बाजारी बफरवर (सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांवर) बेतून थेट खाऱ्या पाण्यात बुडवला जातो. ते बफर समुद्राच्या मानाने फार फिके असतात. पाणी बदलले की इलेक्ट्रोडच्या सांध्यावरचा विद्युतदाब बदलतो आणि चूक आकड्यात मुरते. शिवाय सामूच्या मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत. एनबीएस (अशा फिक्या बफरवर बेतलेल्या) पट्टीवरचा आकडा आणि टोटल (समुद्रजलासाठीच्या) पट्टीवरचा आकडा यांत ०.१ हून जास्त अंतर असते, आणि तुमच्या अनेक तक्त्यांत पट्टीचे नावच नसते. तापमानाचेही तेच. तेच पाणी एक अंश गरम केले की सामू साधारण ०.०१५ ने उतरतो. समुद्र ३० अंशांवर, प्रयोगशाळा २५ वर, आणि दुरुस्ती केलीच नाही, तर ०.०७ च्या वर फरक पडला. खुल्या समुद्राचा सामू दशकाला ०.०२ च्या जवळपास उतरतो आहे. म्हणजे नुसत्या वातानुकूलन यंत्राने जवळजवळ चार दशकांचे आम्लीकरण झाकता येते.

सेन्सर बसवले की सुटलो असे समजू नये. उबदार, गढूळ पाण्यात काही आठवड्यांतच त्यावर शेवाळाचा थर चढतो. तो थर स्वतः श्वास घेतो आणि सेन्सर समुद्राचा नव्हे, त्या थराचा सामू सांगू लागतो. शिवाय क्लोराइडच्या आधारावर चालणाऱ्या संदर्भ इलेक्ट्रोडचा आकडा लवणता भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते तसा सरकतो. बाटलीतल्या नमुन्याची साक्ष नसेल तर सेन्सरच्या वर्षभराच्या नोंदी वादात टिकत नाहीत.

तिसरी: फक्त पृष्ठभाग आणि फक्त दिवस. नदीबरोबर नायट्रोजन-फॉस्फरस येतात. प्रवाहाच्या वरच्या थरात शैवाल माजते, ते कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि तिथला सामू उलट चढतो. तेच शैवाल मेल्यावर खाली बसते आणि तळाशी कुजते. मेक्सिकोच्या आखातात आणि पूर्व चीन समुद्रात असेच घडते, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले की हवेतून आलेला कार्बन डायऑक्साइड आणि कुजण्यातून सुटलेला, दोन्ही एकत्र आले की तळच्या पाण्याचा सामू नुसत्या बेरजेपेक्षा जास्त उतरतो. वरून बादली टाकून काढलेला, सकाळी अकराचा नमुना या प्रकरणाची नेमकी उलटी बाजू दाखवतो.

चौथी थोडक्यात. पुरात नदी वर्षभराच्या सेंद्रिय कार्बनाचा मोठा हिस्सा काही दिवसांत वाहून नेते, आणि नेमके तेव्हाच ‘हवामान प्रतिकूल’ म्हणून नमुने घेतले जात नाहीत.

पाचवी हद्दीची. नदीचे खाते भरतीच्या वर, शेवटच्या मोजणी-बंधाऱ्यापाशी थांबते. समुद्राचे खाते खाऱ्या पाण्यापासून सुरू होते. मधला भरती-ओहोटीचा पट्टा कुणाच्याच वहीत नाही. खारफुटीच्या चिखलातून अल्कलिनिटी आणि कार्बन दोन्ही याच पट्ट्यात पाण्यात येतात. सांडपाण्यातल्या अमोनियमचे नायट्रेटही इथेच होते, आणि त्याचा प्रत्येक मोल अल्कलिनिटीचे दोन मोल खातो. लिटरला ५० मायक्रोमोल अमोनियम म्हणजे १०० मायक्रोमोल अल्कलिनिटी गेली, तीही कार्बनाचा कणही न वाढता. किनारी सखल जमिनीतून पाणी उपसले की गंधकयुक्त माती हवेशी भिडून सल्फ्युरिक आम्ल सोडते, ते वेगळेच. दोन खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवून हा पट्टा आजवर सोडून दिला आहे.

सहावी: हिशेबाची सूत्रे समुद्राची, पाणी खाडीचे. अल्कलिनिटी-कार्बनावरून ओमेगा काढणारे नेहमीचे संगणकीय कोष्टक कॅल्शियम आणि बोरॉन लवणतेच्या प्रमाणात धरते. लवणता ५ असताना समुद्राकडून आलेले कॅल्शियम १.५ मिलिमोल भरते. नदीने १ मिलिमोल आणले असेल तर ओमेगा ४० टक्क्यांनी कमी दाखवला जातो. सेंद्रिय आम्ले याच्या उलट करतात. काळसर पाण्यात ती टायट्रेशनमध्ये अल्कलिनिटी म्हणून मोजली जातात, कोष्टक तिचे कार्बोनेट करते, आणि ओमेगा आहे त्याहून चांगला दिसतो. दोन्ही चुका एकाच नमुन्यात असू शकतात, आणि त्या नेमक्या एकमेकींना काटतील या भरवशावर कुणी राहू नये.

यावर ‘ही उपकरणे महाग आहेत, इतकी अचूकता झेपणार नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ग्लोबल ओशन अ‍ॅसिडिफिकेशन ऑब्झर्व्हिंग नेटवर्क या आम्लीकरण मोजणाऱ्यांच्या जागतिक जाळ्याने अचूकतेच्या दोन पायऱ्या ठेवल्या आहेत. खालच्या पायरीला सामूत ०.०२ आणि अल्कलिनिटी-असेंद्रिय कार्बनात १० मायक्रोमोल एवढी अनिश्चितता चालते. नदीमुखाशी जिथे शेकड्यांनी फरक पडतो, तिथे ही पायरी पुष्कळ झाली, आणि ती साध्या प्रयोगशाळेत गाठता येते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतल्या १४.३.१ या निर्देशकाच्या नावात ‘सरासरी सागरी आम्लता (सामू)’ असे आहे हे खरे, पण म्हणून बाकीचे मोजू नये असे तो कुठेही सांगत नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. नदीमुखाची स्थानके यादीतून काढू नका. लवणता कमी म्हणून कोणताही नमुना खोडू नका. शेरा द्या, पण आकडा प्रसिद्ध करा.

२. नमुने किलोमीटरच्या अंतराने नव्हे, लवणतेच्या अंतराने घ्या: ०, ५, १०, १५, २०, २५, ३० आणि बाहेरचा समुद्र. प्रत्येक ठिकाणी वरचा आणि तळापासून एक मीटरवरचा. वेळ आणि भरतीची अवस्था नोंदवा. वर्षातून निदान चार वेळा पहाटेचा संच घ्या, कारण रात्रभराच्या श्वसनाने सामू तेव्हाच सर्वांत खाली असतो.

३. अल्कलिनिटी आणि विरघळलेला असेंद्रिय कार्बन हे दोन आकडे सक्तीचे करा, सामू तिसरा, पडताळ्यासाठी. लवणता २० च्या खाली कॅल्शियम आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बनही मोजा.

४. सामू मोजायचाच तर मेटा-क्रेसॉल पर्पल रंगद्रव्याने, ४३४ आणि ५७८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग मोजून. ते शक्य नसेल तर कृत्रिम समुद्रजलात बनवलेल्या ट्रिस बफरवर इलेक्ट्रोड बेता. आकड्याशेजारी पट्टीचे नाव आणि तापमान नसेल तो आकडा स्वीकारू नका.

५. भरतीची हद्द संपते तिथे नदीचे एक स्थानक ठेवा. दर महिन्याला एक नमुना, आणि प्रत्येक मोठ्या पुरात तीन: पाणी चढताना, कमाल पातळीला, उतरताना. विसर्गाचा आकडा त्याच तक्त्यात हवा. तो नसेल तर कार्बन किती आला हे कधीच निघणार नाही. हे स्थानक कोणत्या खात्याचे, हे लेखी ठरवा.

६. प्रत्येक तुकडीत प्रमाणित संदर्भ समुद्रजल (ज्याचे आकडे आधीच ठाऊक आहेत असे) चालवा आणि त्याचा आलेला आकडाही छापा.

७. वार्षिक अहवालात सामूबरोबर ओमेगा द्या, आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट दहा टक्के नमुनेही. अळ्यांना सरासरी चावत नाही.

बाटली भरण्याबाबत वेगळे लिहावे लागते, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. प्लास्टिकची बाटली नको, तिच्यातून वायू पाझरतो. बोरोसिलिकेट काचेची, घासलेल्या बुचाची, अर्ध्या लिटरची बाटली घ्या. सिलिकॉनची नळी तळापर्यंत घालून, फेस होऊ न देता, बाटली भरून वाहू द्या. निदान एक बाटलीभर पाणी वर सांडले पाहिजे. वरून ओतलेल्या नमुन्यातला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, आणि नदीच्या बाजूच्या नमुन्यात तोच जास्त असतो. मग एक टक्का, म्हणजे पाच मिलिलिटर, जागा मोकळी करा. पाणी गरम होऊन फुगले तरी बूच उडत नाही. मर्क्युरिक क्लोराइडचे संपृक्त द्रावण ०.१ मिलिलिटर घाला, बुचाला ग्रीस लावून पिळून बसवा, रबरबँडने बांधा, अंधारात ठेवा. विष घातले नाही तर जिवाणू बाटलीतही कुजवण्याचे काम चालूच ठेवतात. दोन दिवसांनी जे मोजले जाते तो त्यांचा श्वास असतो.

गढूळ पाणी असेल तर अल्कलिनिटीचा नमुना ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढा. गाळात चुन्याचे कण असतात. टायट्रेशनचे आम्ल पडताच ते विरघळतात आणि पाण्यात नसलेली अल्कलिनिटी दाखवतात. असेंद्रिय कार्बनाचा नमुना गाळायचाच असेल तर बंद दाबाखाली गाळा. व्हॅक्यूमने गाळला तर वायू ओढला जातो. टायट्रेशनचे आम्ल मिठाच्या पाण्यात बनवा, आणि ते मीठ नमुन्याच्या लवणतेशी जुळते ठेवा. लवणता ५ च्या नमुन्याला ३५ साठी बनवलेले आम्ल वापरले की शेवटचा बिंदू सरकतो.

पुढील वर्षाची स्थानकांची यादी अंतिम करण्यापूर्वी वरील सात मुद्द्यांवर मुद्देसूद लेखी उत्तर द्यावे आणि ते सर्वांना पाहता येईल असे प्रसिद्ध करावे. वगळलेल्या प्रत्येक स्थानकापुढे वगळण्याचे कारण आणि तिथल्या जुन्या नोंदी जोडाव्यात. मसुद्यावर बोलायला आम्ही येऊ, आमच्या बाटल्या आणि वह्या घेऊन.

आपले,
नदीमुखाच्या पाण्याचे नमुने घेणारे आणि तपासणारे

ता.क. मर्क्युरिक क्लोराइड जहाल विषारी आहे. मोजणी झालेल्या बाटल्या मोरीत ओतल्या जातात असे दिसते. त्यांच्यासाठी वेगळा पिंप, त्यावर चिठ्ठी आणि घातक कचऱ्याची उचल, एवढी तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून धरावी.